शोध कुठे थांबतो?

विद्यार्थ्यांनी माहिती कुठून घ्यावी, हा विषय निघाला की विद्यापीठांतल्या चर्चेचे ताबडतोब दोन तट पडतात. एका तटावरचे प्राध्यापक म्हणतात की आजचा विद्यार्थी पुस्तक उघडतच नाही, गूगलवर पहिले जे दिसेल ते उचलतो आणि त्यालाच अभ्यास समजतो. दुसऱ्या तटावरचे म्हणतात की जगातले ज्ञान हातातल्या फोनमध्ये असताना विद्यार्थ्याला ग्रंथालयाचा जिना चढायला लावणे हा निव्वळ जुन्याचा हट्ट आहे. वाद तावातावाने चालतो, आणि मला त्यात सर्वांत खटकते ते हे की एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेली असते: ज्ञानाचा कस ते कोणत्या भांड्यात ठेवले आहे यावरून ठरतो. एकाला कागदाचे भांडे शुद्ध वाटते, दुसऱ्याला पडद्याचे सोयीचे वाटते. भांड्यात काय आहे आणि ते तिथे आले कुठून, हे विचारायला कोणालाच सवड नाही. विद्यार्थी शोधाची सुरुवात कुठून करतो याला आपण वाजवीपेक्षा फार महत्त्व देतो, असे माझे मत आहे. फरक पडतो तो त्याचा शोध कुठे थांबतो यामुळे. आणि थांबण्याची ती जागा बहुतेक वेळा त्याने स्वतः निवडलेली नसते, विद्यापीठानेच परीक्षेच्या आणि गुणांच्या भाषेत ती त्याला दाखवून दिलेली असते.

मुळात 'ऑनलाइन' आणि 'पारंपरिक' ही विभागणीच आता नीट टिकत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ साली सुरू झाले आणि त्याचे ते जुने अंक आज घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या रकान्यात बसवायचे? भौतिकशास्त्रातले संशोधक १९९१पासून आपले निबंध छापून येण्याआधीच 'आर्काइव्ह' या ऑनलाइन संग्रहात ठेवत आले आहेत, आणि त्या शास्त्राच्या कित्येक शाखांत ताजे संशोधन वाचायचे म्हणजे तिथेच जायचे, हा रिवाज होऊन बसला आहे. उलट परीक्षेच्या आदल्या रात्री जे पाने सुटेस्तोवर उलटले जाते ते गाइड छापील असते, त्याला मुखपृष्ठ असते, प्रकाशक असतो; म्हणून त्याला ज्ञानाचा पारंपरिक स्रोत हा मान द्यायचा का? या प्रश्नावर पुस्तकाचे कैवारी हसतात आणि विषय बदलतात.

नव्या माध्यमाची धास्ती जुनीच आहे, असे सांगून सगळी शंका उडवून लावण्याचीही एक सोपी पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण धास्ती घेणारी माणसे मूर्ख नव्हती. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे वेदपठणातल्या उच्चारांविषयीच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'लिखितपाठक', म्हणजे लिहिलेले पाहून म्हणणारा, हा एक. ज्या परंपरेने पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा उलटसुलट पठणांच्या जाळ्यात एकेक अक्षर जखडून ठेवले होते, जिथे चूक झाली की ती शेजाऱ्याच्या कानाला तत्काळ कळत होती, तिला पोथीत डोके घालून म्हणणाऱ्याचा संशय यावा हे स्वाभाविक होते. पोथीतली चूक तो तशीच म्हणणार. प्लेटोच्या एका संवादात ईजिप्तचा राजा लेखनकलेच्या जनकाला सांगतो की तुझ्या या शोधाने माणसांची स्मृती दुबळी होईल आणि त्यांच्या पदरी ज्ञानाऐवजी ज्ञानाचा आभास पडेल. १४९२ साली योहानेस ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीने हाताने नकला करणाऱ्या लेखनिकांची थोरवी गाणारा ग्रंथ लिहिला आणि छापील कागदापेक्षा चर्मपत्र कितीतरी अधिक टिकते असे बजावले. दोनच वर्षांनी त्याचा तो ग्रंथ माइन्झमधल्या छापखान्यातून बाहेर पडला. गंमत सोडली, तर नुकसानीविषयी या मंडळींचे निदान खोटे नव्हते. लेखनाने पाठांतर कमी झाले, छपाईने लेखनिकाची सावकाश शिस्त गेली. पण पाणिनीय शिक्षेच्या त्याच यादीत आणखी एक अधम पाठक आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते: 'अनर्थज्ञ', अर्थ न कळता म्हणणारा. पोथी समोर असो वा नसो, त्याची जागा अधमांतच. मग आपल्या सगळ्या चर्चा लिखितपाठकावरच का खर्च होतात?

पुस्तकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा गाळणीचा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. चांगल्या प्रकाशनसंस्थेच्या ग्रंथावरून संपादक, तज्ज्ञ परीक्षक, मुद्रितशोधक अशा अनेकांची नजर फिरलेली असते. त्यात लेखकाचे नाव आणि प्रकाशकाची पत पणाला लागलेली असते. इंटरनेटवर काही टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याच्याकडे त्या विषयातले खरेखोटे पारखण्याची स्वतःची कसोटी अजून तयार झालेली नाही, अशा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या गाळणीचा आधार मोलाचा आहे. पण गाळणीतून आले आहे, तेव्हा पुढे विचारायचे काही कारण नाही, असे म्हटले की तोच आधार घात करतो. वेबस्टरच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९३४च्या आवृत्तीत 'डॉर्ड' नावाचा एक शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. असा शब्द इंग्रजीत नव्हताच. घनतेसाठी मोठे 'डी' किंवा लहान 'डी' हे अक्षर संक्षेप म्हणून वापरतात, अशी नोंद असलेली चिठ्ठी चुकून संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि 'डी ऑर डी' हे सलग वाचले जाऊन त्याचा शब्द झाला. पाच वर्षे तो शब्द कोशात सुखाने नांदला. १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आले की याला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा कुठे बिंग फुटले. ज्या प्रश्नाने ते फुटले तो साधा होता: हा शब्द आला कुठून?

कोशातली ही चूक निरुपद्रवी होती. सगळ्याच तशा नसतात. १९९८ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा निबंध छापून आला. तो तज्ज्ञांच्या परीक्षणातून पार पडलेला होता. नियतकालिकाने तो पूर्णपणे मागे घेतला तो २०१० साली, म्हणजे बारा वर्षांनी, आणि तोवर अनेक आईबापांचा लसीकरणावरचा विश्वास डळमळला होता. आता आपल्या वादाच्या दृष्टीने पाहा: ग्रंथपालाने आठवणीने चिठ्ठी चिकटवली नसेल, तर कपाटातल्या १९९८च्या बांधीव खंडात तो निबंध आजही निष्कलंक उभा आहे, नियतकालिकाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीवर मात्र तो मागे घेतल्याचा ठळक शिक्का आहे. 'फक्त छापील संदर्भ' हा नियम काटेकोरपणे पाळणारा विद्यार्थी इथे फसेल आणि नियम मोडणारा बचावेल. याचा अर्थ पडदा अधिक सत्यवादी असतो असा होत नाही. छपाई त्या क्षणापुरती गाळते आणि मग गोठते, पुढे काय झाले हे सांगण्याची सोय तिच्यात नसते, एवढेच यातून दिसते.

विकिपीडियाचे नाव घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतल्या विज्ञानविषयक नोंदींच्या ४२ जोड्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. सरासरीने विकिपीडियाच्या नोंदीत सुमारे चार, तर ब्रिटानिकाच्या नोंदीत सुमारे तीन त्रुटी निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडाडून आक्षेप घेतला. इंटरनेटच्या भक्तांनी 'बघा, दोन्ही सारखेच' असा डंका पिटला, तो मला अर्धवट वाटतो. माझ्या मते त्या आकड्यांतला बोलका आकडा दुसरा आहे. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून विसंबल्या, त्या कोशातही नोंदीमागे तीन त्रुटी होत्या, आणि वाचकाला त्या कळण्याचा मार्ग नव्हता. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे मात्र बदलांचा इतिहास आणि संपादकांच्या भांडणांचे पान उघडे असते. अडचण अशी की ते पान उघडून पाहणारा विद्यार्थी शोधावा लागतो, कारण तिकडे पाहायला त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सांगितलेले असते ते एवढेच, की विकिपीडिया वापरू नकोस.

या बंदीचे काय होते, हे अध्यापनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्या सर्वांना ठाऊक आहे. बंदीने वापर थांबत नाही, वापराची कबुली थांबते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत, जी २०१० साली प्रसिद्ध झाली, असे आढळले की बहुसंख्य विद्यार्थी विकिपीडिया वापरतात, पण मुख्यतः आरंभी, विषयाचा आवाका समजून घेण्यासाठी. म्हणजे कोशाचा जो उपयोग व्हायला हवा, तोच. दोष त्यानंतरच्या पायरीवर शिरतो. 'किमान पाच पुस्तकांचे संदर्भ हवेत आणि त्यांत एकही संकेतस्थळ नको' अशी अट घातली की विद्यार्थी विकिपीडियाची नोंद वाचतो, तिच्या तळाची पाच पुस्तके उचलतो आणि न उघडता आपल्या संदर्भसूचीत मांडतो. सूची देखणी होते, शिक्षक समाधानी होतात, आणि वयाच्या अठराव्या वर्षी मुलगा जे शिकतो ते हे, की संदर्भ हा वाचण्याचा नसून दाखवण्याचा ऐवज आहे. ज्या नियमाने प्रामाणिकपणा यावा म्हणून आपण तो केला, त्यानेच अप्रामाणिकपणाचा पहिला धडा दिला, याला काय म्हणावे?

हा धडा विद्यार्थ्यांपुरता राहत नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ साली एक चतुर युक्ती केली. संदर्भ देताना खंडाचा किंवा पानाचा आकडा चुकला, आणि तीच चूक पुढच्या डझनावारी निबंधांत जशीच्या तशी आली, तर त्या सर्वांनी मूळ निबंध न पाहता आधीच्या सूचीतून नक्कल केली असणार. अशा चुकांच्या प्रसारावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचतात. हा अंदाज आहे, तो कमीजास्त असू शकेल. पण पालकाच्या भाजीची गोष्ट पाहा. एका जुन्या पृथक्करणात दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले आणि त्यामुळे पालकात लोहाचे भांडार आहे असा समज जगभर पसरला, ही कथा निष्काळजी संशोधनाचा नमुना म्हणून शास्त्रीय लेखनात वर्षानुवर्षे सांगितली गेली. तिचा माग काढत गेले की वाट १९८१ सालच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखाशी पोचते, आणि त्या लेखात या कथेला कसलाच आधार दिलेला नाही. मूळ तपासा, असा उपदेश करण्यासाठी विद्वान जी कथा वापरत होते तिचे मूळ त्यांनीच तपासलेले नव्हते. ही सगळी साखळी छापील आणि परीक्षित लेखनातली आहे; यात गूगलचा दोष काढायला जागा नाही.

पुस्तकाच्या बाजूचा दुसरा मुद्दा वाचनाच्या खोलीचा आहे, आणि इथे मी जवळजवळ पूर्ण माघार घेतो. २०१८ साली ५४ अभ्यासांचे आणि १,७०,०००हून अधिक वाचकांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस आढळले. वेळेचे बंधन असताना हा फरक अधिक ठळक होता, आणि पडद्यांची सवय वाढत गेली तशी ही तफावत कमी झाल्याचेही दिसले नाही. म्हणून एखादा गहन निबंध समजून घ्यायचा असेल तर तो कागदावर छापून घ्यावा, शेजारी पेन्सिल ठेवावी, असे मीही सांगेन. मात्र हा निष्कर्ष डोळ्यांखाली काय धरावे याविषयीचा आहे. तो मजकूर कुठे सापडला, याविषयी तो काहीच बोलत नाही. शिवाय वेळेच्या बंधनाने नुकसान वाढत असेल, तर सोळा आठवड्यांच्या सत्रात सहा विषय, प्रत्येकाच्या चाचण्या आणि प्रकल्प कोंबणाऱ्या वेळापत्रकाकडे बोट का दाखवले जात नाही?

तिसरा आक्षेप शोधयंत्राच्या क्रमवारीवरचा. तोही पोकळ नाही. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गूगलच्या निकालांचा क्रम गुपचूप उलटा केला होता. विद्यार्थी तरीही वरच्याच निकालांकडे झुकले, जरी आता तिथे कमी उपयोगाची पाने बसवलेली होती. यावर सरळ उपाय सुचतो तो असा, की विद्यार्थ्यांना पुस्तकासारखे सावकाश, वरपासून खालपर्यंत, चिकित्सकपणे वाचायला शिकवावे. हाच उपाय कसाला लावणारा एक अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केला, आणि या संपूर्ण वादात मला तो सर्वांत उद्बोधक वाटतो. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि त्याच विद्यापीठातील २५ विद्यार्थी यांच्यासमोर काही संकेतस्थळे ठेवली आणि विचारले की यांवर विश्वास ठेवाल का. बालरोगतज्ज्ञांची एक मोठी, मान्यवर संघटना आणि तिच्याशी मिळतेजुळते नाव धारण करणारी, विशिष्ट सामाजिक मते पुढे रेटणारी एक छोटी संघटना यांत फरक करायचा होता. इतिहासकार म्हणजे दस्तऐवजाची शब्दन्‌शब्द चिकित्सा करण्यात मुरलेली माणसे. तरीही त्यांच्यापैकी अनेक जण आणि बहुतेक विद्यार्थी नेटक्या मांडणीला, भारदस्त नावाला, तळाच्या संदर्भांना भुलले. तथ्यतपासनिसांनी काय केले? ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. काही क्षणांत त्यांनी नवीन खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. पानाच्या आत कितीही खोल गेले तरी पान स्वतःविषयी खोटे बोलत असेल तर ते कळत नाही. त्यासाठी पानाबाहेर पडावे लागते. हे कसब पडद्यावर घडले, पण जातीने ते जुनेच आहे. ग्रंथ वाचता वाचता तळटीप पाहून उठणारा आणि दुसरा खंड काढून दोन्ही शेजारी ठेवणारा वाचक हेच करत आला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या वादाला नवी धार आणली आहे, कारण चॅटजीपीटीसारखी साधने मजकुराबरोबर त्याचे खोटे संदर्भही सफाईने रचून देतात. इथे विद्यार्थ्याला मागे जाण्यासाठी वाटच उरत नाही, असे म्हणतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे निवाडे दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मला त्यातला एक तपशील विसरता येत नाही. ज्या वकिलाने हा शोध घेतला, त्याला तीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव होता. तो कोवळा विद्यार्थी नव्हता, आणि कायद्याच्या छापील ग्रंथांत घडलेल्या पिढीचा होता. त्याला मध्येच शंकाही आली होती, पण शंकानिरसनासाठी त्याने त्याच यंत्राला विचारले की हे खटले खरे आहेत का, आणि यंत्राने 'हो' म्हटले. चोरालाच साक्षीला बोलावण्याचा हा प्रकार. एका निवाड्याचा मूळ मजकूर उघडण्याचा प्रयत्न झाला असता तर तो तिथल्या तिथे अडला असता. खोटा संदर्भ ओळखण्याची रीत खऱ्या संदर्भाला लावायच्या रीतीहून वेगळी नाही: जाऊन पाहणे.

दुसऱ्या तटाशी मला तितके लांबण लावायचे नाही, कारण त्यांचा युक्तिवाद मुख्यतः सोयीचा आहे. सगळे ऑनलाइन आहे, हे खरे नाही. कितीतरी ग्रंथ, जुनी नियतकालिके, कागदपत्रे अजून पडद्यावर आलेली नाहीत, आणि जे आले आहे त्यातले बरेचसे वर्गणीच्या कुलपामागे आहे. जे मोकळे आहे तेही जागच्या जागी राहीलच असे नाही. २०१४ साली हार्वर्डमधील अभ्यासकांनी तपासले तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर सापडत नव्हता, आणि हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. ट्रिथेमियसला यात समाधान वाटले असते. आणखी एक गोष्ट अशी की शोधपेटीला शब्द द्यावा लागतो, आणि ज्याला विषयच नवा आहे त्याच्याकडे शब्दच नसतो. कपाटासमोर उभे राहिले की हवे असलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक दिसते आणि कधीकधी प्रश्नच बदलून जातो. हा लाभ मोजता येत नाही म्हणून तो नाही असे कसे म्हणावे?

मग विद्यापीठाने करावे काय? संदर्भांची संख्या मोजणे बंद करावे, ही माझी पहिली सूचना. प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थ्याने एकच विधान निवडावे आणि त्याचा माग काढत जितके मागे जाता येईल तितके जावे: हे विधान मला कुठे भेटले, त्या लेखकाने ते कुठून घेतले, त्याआधीच्याने कुठून, आणि प्रत्येक पायरीवर शब्द, आकडा किंवा अर्थ किती सरकला. ही साखळी दोन पानांत लिहून द्यावी आणि गुण तिला द्यावेत. पहिली कडी विकिपीडियाची असेल तर ती उघडपणे तशी लिहावी. शिक्षक म्हणतील की साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या साखळ्या तपासायला वेळ कुठून आणायचा. तक्रार रास्त आहे. पण आज प्रत्येकाच्या वीस संदर्भांची जी सूची आपण न तपासता पुढे ढकलतो, तिच्यावर खर्च होणारा वेळ तरी कशासाठी असतो? दोन पानांची साखळी वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि तिच्यातली एखादी कडी उघडून पाहिली की खरेखोटे कळते. काही विद्यार्थी परत येऊन सांगतील की मूळ सापडलेच नाही, वाट मध्येच संपली. वाट कुठे संपली आणि तोवर काय काय उघडून पाहिले हे त्यांनी नीट नोंदवले असेल, तर त्यांनाही पूर्ण गुण द्यावेत. पालकाच्या दशांशचिन्हाची गोष्ट उघडी पडली ती अशाच, रिकाम्या हाताने परतलेल्या शोधामुळे.